चिमणाईच्या पंखाखालची गाठ

भिलाई
१४ जानेवारी २०२४

दादा,

अक्षर ओळखून तू पत्र बाजूले ठेवशील, म्हणून आधी कामाचंच लिहितो. देवघरात जा. चिमणाईले हातात घे. तिचा डावा पंख पोटाले जिथं टेकते, त्याच्या खाली अंगठा फिरव. तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागते का, एवढंच कळव. हो का नाही. बाकी काही लिहू नको.

फोन तू उचलत नाही. वहिनीचा नंबर बंद लागते. म्हणून हे पाकीट.

कावून विचारतो ते सांगतो. भागीरथाचा लहान भाऊ, माहा साळा फकिरा, बालोदच्या पुढं कोसमडीहले राहते. शेतात पाण्यासाठी डबरी खोदून राहिला होता. जेसीबीनं दोन पुरुष खोल माती काढली अन् खालून दगड निघाले, काळी-लाल मडकी निघाली, जळक्या मातीचे ढेकळं अन् लोखंडाचा मळ निघाला. त्यानं मले फोन केला, "भांटो, तुमन भट्ठी के आदमी हो, आ के देख लव." मी चौतीस वर्षं प्लांटच्या फाउंड्रीत साचे बनवले, तं सासरवाडीत भट्टीचं काही निघालं का मलेच बोलावतात. स्कूटर काढली अन् गेलो.

त्या ढेकळांत एक तुकडा होता. तळहाताएवढा, भाजलेल्या मातीचा, एका बाजूनं सपाट. फकिरा म्हणे छपराचं फुटलेलं कवेलू असन. मी तो पलटवला अन् माहे हात थांबले. दादा, तो साचा होता. अर्धा साचा, डाव्या अंगाचा. दुसरा अर्धा कुठंतरी असन नाहीतं नसन. आत काय आहे ते उलटं दिसते, म्हणून मी फकिराच्या बायकोले भिजवलेली कणीक मागितली. साच्यात दाबली. हळूच उचलली.

चिमणाई निघाली.

तीच मान, तीच बारकी चोच, शेपटी तशीच वर उचललेली. अन् पंखाखाली गाठ. साच्यातून खडा निखळून पडला असन, तिथं खड्डा झाला. साच्यात खड्डा असला तं मालावर गाठ येते, जितके नग काढाल तितक्यांवर, त्याच जागी. हे मले कोणी शिकवायची गरज नाही. लहानपणी आई पूजा करताना मी चिमणाईले मांडीवर घेऊन बसत होतो अन् माहा अंगठा नेहमी तिथंच जाये. पण साठ वर्षांपूर्वीच्या अंगठ्यावर किती भरोसा ठेवू? म्हणून तुले विचारून राहिलो.

आपल्या आजानं वरच्या बांधीत, मोठ्या गोट्यांच्या गोलापाशी, नांगरताना तिले काढली असं बाबा सांगत. ती बांधी अन् हे कोसमडीह, मधात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. इथला साचा अन् तिथली चिमणी. मले झोप नाही येऊन राहिली.

जुनं काही उकरत नाही. उत्तर दे.

माणिक

भिलाई
२ फेब्रुवारी

दादा,

एकोणीस दिवस झाले. पोस्टमन गल्लीत शिरला का मी फाटकाशी जातो. तो आता लांबूनच हात हलवते, काही नाही म्हणून.

या पत्रात एक कोरं पोस्टकार्ड घातलं आहे. माहा पत्ता मी लिहून ठेवला. तुले फक्त एक शब्द टाकायचा आहे.

फकिरानं तहसीलमध्ये कळवलं. रायपूरहून एक बाई आल्या, यामिनी नावाच्या, पुराण्या वस्तूंचं शिकलेल्या. रायपूरच्या मराठी घरातल्या. वय पस्तीसेक. परवानगी काढून तिथं त्यांनी सुतळ्या बांधल्या, चौकोन पाडले, अन् आता ब्रशनं माती काढून राहिल्या. मी एक दिवसाआड जातो. भागीरथा म्हणते, "रिटायर झाले तवापासून एवढ्या लवकर कधी उठले नाही सकाळी."

यामिनीबाईले मी कणकेची चिमणी दाखवली. वाळून तिले भेगा गेल्या होत्या, तरी त्यांनी दोन्ही हातात घेतली. म्हणाल्या, "काका, तुमच्या विदर्भात दगडी वर्तुळांच्या खाली तांब्याची झाकणं निघतात, वर पक्षी बसवलेला. पण तसला साचा मी अजून कुठे पाहिलेला नाही. आणि तोही या बाजूला!"

मी विचारलं, "मंग हे लोक आमचे का इथले?"

त्या हसल्या. "तेव्हा विदर्भ आणि छत्तीसगढ कुणाला माहीत होतं? इथले लोक मेलेल्यांसाठी उभे दगड रोवायचे, तिकडचे गोल मांडायचे. मडकी वेगळी, पुरायची रीत वेगळी. शेजारी होते. आपण एवढंच विचारू शकतो की त्यांच्यात काय चालायचं. लुटालूट, देवघेव, की सोयरीक."

अन् दादा, तिथं माह्या तोंडून निघून गेलं का ही चिमणी आमच्या घरी आहे, अशाच झाकणावर बसलेली, गावाकडच्या देवघरात आहे. बाई एकदम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला ती बघायचीय. नेणार नाही, फक्त बघणार, मोजणार." मी म्हणालो, दादाले विचारतो. म्हणजे मी तुले न विचारता वचन दिलं. चुकलं.

भागीरथा तिथंच होती. माहेरी आली होती, भाजी निवडून राहिली होती. तिनं हात थांबवून विचारलं, "कोणता देव? तुमच्या दादानं मले आत जाऊ नाही दिलं, तोच?"

मी हो म्हणालो.

ती परत भाजी निवडू लागली. पण घरी येताना स्कूटरवर मागं बसून म्हणाली, "म्हणजे माह्या गावात बनलेला देव, अन् मीच बाहेर." हसूनच म्हणाली. मले मात्र पुढं रस्ता दिसेना. जामुलच्या वळणावर सिमेंटच्या ट्रकखाली जाता जाता वाचलो.

कार्ड टाक, दादा.

माणिक

भिलाई
१४ फेब्रुवारी

दादा,

तुहं कार्ड आलं. परवा आलं.

मी बँकेत गेलो होतो, हयातीच्या दाखल्यासाठी. पोस्टमननं कार्ड भागीरथाच्या हातात दिलं. कार्ड उघडं असते. तुले हे माहीत होतं का नाही, मी विचारत नाही. कोरं कार्ड मीच पाठवलं होतं. दोष कोणाले देऊ?

मी घरी आलो तं ती ओसरीत खुर्चीवर बसून होती. चष्मा लावून. कार्ड मांडीवर. तिनं मोठ्यानं वाचलं:

"गाठ आहे. दाराशी तिले कोणं अडवलं ते आधी तिले सांग. मंग रायपूरच्या बाईले घेऊन ये. उमाकांत."

वाचून तिनं विचारलं, "कोणं अडवलं?"

दादा, तुले सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण मी हे आजवर कागदावर काय, मनातही सरळ मांडलं नाही.

सन शहाऐंशी. माह्याच फाउंड्रीतल्या हिरालालजीची पोरगी मी घरी न विचारता केली होती. छत्तीसगढची. तिले पहिल्यांदा गावी आणली. अंगणात आत्या, काकू, शेजारणी, सगळ्या जमल्या. घरात नवी सून आली का तिनं चिमणाईले हळद लावायची, ही आपली रीत. मले रस्ताभर एकच धास्ती, आई नाही म्हणेल. सगळ्यांसमोर म्हणेल. मंग मी काय करीन? आईशी भांडीन का बायकोले घेऊन परत जाईन? दोन्हीची हिंमत नव्हती. म्हणून मी आई बोलायच्या आधीच काम करून टाकलं. देवघराच्या दाराशी भागीरथाच्या कानात म्हणालो, "आत नको येऊ. दादा म्हणते परक्या मुलखाची बाई देवघरात नको." अन् आत जाऊन आईले म्हणालो, "ती आपल्या देवाले मानत नाही. जबरदस्ती नको करू."

आईच्या हातात हळदीची वाटी होती. आई तयार होती, दादा. ती वाटी मी पाहिली. पाहूनही बोललो, कारण दाराशी शब्द तोंडातून निघून गेले होते अन् मागं फिरायची लाज वाटली.

तू दाराच्या मागं उभा होता. तू दोन्ही वाक्यं ऐकली.

आई मरेपर्यंत म्हणत राहिली, धाकटी सून गर्वाची आहे. भागीरथा म्हणत राहिली, जेठजी पत्थरदिल आहेत. अन् अठ्ठ्याण्णवमध्ये आईच्या तेरवीले तू मले एवढंच म्हणाला का एकदा तिले खरं सांगून टाक. मी भर मांडवात ओरडलो, "तूच माह्या बायकोले दाराबाहेर ठेवलं!" ती समोर बसली होती. तू तिच्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, अन् पत्रावळी उचलायले निघून गेला. तिच्यासमोर तू मले उघडं पाडलं नाही. मी मात्र भिलाईले येऊन सगळ्यांले सांगितलं, दादाजवळ उत्तर नव्हतं.

हे सगळं मी तिले परवा सांगितलं. खाली पाहूनच सांगितलं. पुरं ऐकून ती म्हणाली, "झूठ बोले तैं."

अडतीस वर्षांत तिनं मले कधी 'तैं' नाही म्हणलं. त्यांच्यात नवऱ्याले असं एकेरी नाही म्हणत.

दोन दिवस झाले. ती जेवण वाढते, पाणी देते, बोलत नाही. मी ओसरी ते मागचं दार, मागचं दार ते ओसरी फिरतो. मी सांगितलं, दादा. तू म्हणाला तसं. पण तुले वाटत असन का सांगून माणूस हलका होते, तं तसं काही नाही झालं.

माणिक

भिलाई
२१ फेब्रुवारी

दादा,

भागीरथा तुह्याकडं येऊन राहिली. उद्या सकाळची गाडी, दुर्गहून. गोंदियाले उतरून साकोलीच्या बसनं. सोबत यामिनीबाई.

मी नाही.

काल ती बॅग भरून राहिली होती. मले वाटलं कोसमडीहले चालली. विचारलं तं म्हणाली, "उमाकांत जेठजीकडं." मी म्हणालो, मीही येतो, दोन तिकिटं काढतो. ती म्हणाली, "तुम्ही मधात असले का मले दुसऱ्याचं खरं ऐकू येत नाही. मी आपली जाऊन विचारीन." मंग चेन लावत म्हणाली, "अन् ती चिमणी पाहीन. माह्या भावाच्या शेतातली आहे ती."

'तुम्ही'वर आली, हे मी लगेच धरून ठेवलं. नंतर कळलं का परक्या माणसालेही तुम्हीच म्हणतात.

दादा, तिले गुडघ्याचा त्रास आहे, खाली बसवू नको, खुर्ची दे. चहात साखर चालत नाही. विचारशील तं ती चालते म्हणेल अन् पिऊन घेईल, म्हणून वहिनीले आधी सांगून ठेव. रात्रीची गोळी निळ्या डबीत आहे. ती काय बोलेल ते बोलू दे. माह्यासाठी तिची समजूत घालू नको.

हे पत्र ती पोचल्यावरच तुह्या हाती पडणार, हे मले समजते. तरी लिहून राहिलो. हाताले काहीतरी पायजे.

माणिक

भिलाई
२९ फेब्रुवारी

दादा,

यामिनीबाई एकट्याच परत आल्या. दुपारी घरी येऊन त्यांनी मले सगळे फोटो दाखवले.

पहिलं हे का मी अर्धाच बरोबर होतो. साच्याचा ठसा अन् चिमणाई, दोन्ही जुळले, गाठीसकट. चिमणी इकडचीच, कोसमडीहच्या भट्टीतली असावी. तांब्यात कथिल मिसळून ओतलेली. पण तिच्या खालचं झाकण ओतलेलं नाहीच! ठोकून काढलेलं तांबं आहे, तिकडच्या गोलांखाली निघते तसलं. चिमणी वेगळी बनली, झाकण वेगळं बनलं, अन् रिव्हेटनं जोडले. लहानपणापासून मी ते एकच समजत होतो. फाउंड्रीवाला म्हणवतो अन् घरच्या देवाचा जोड कधी नाही दिसला.

बाईनं मले एक फोटो मोठा करून दाखवला. चिमणीच्या पायाखाली तीन चरे आहेत. झाकणाच्या भोकाजवळ, आतून, तसेच तीन चरे. "हे काय असेल, काका?" त्यांनी विचारलं. मी पाहताच सांगितलं, ही जोडीची खूण आहे. आम्ही शॉपमध्ये हेच करत होतो. दोन पार्ट दोन जागी बनले तं दोघांवर एकच खूण टाकायची, म्हणजे जोडणाऱ्याचा घोळ होत नाही. म्हणजे कोणी एकदा वाटेनं जाताना चिमणी विकून गेला असं नाही. इकडच्या कारागिराले माहीत होतं का तिकडं झाकण तयार होऊन राहिलं आहे. तिकडच्याले माहीत होतं का चिमणी येणार. दोघांनी आधी बसून ठरवलं. बोली काय असन, एकमेकांचं किती समजत असन, देव जाणे. पण तीन म्हणजे तीन, एवढं दोघांले पटलं होतं.

बाई म्हणाल्या, एका वस्तूवरून मी लगेच छातीठोक लिहिणार नाही, आणखी निघायला हवं. पण त्यांचे डोळे चमकत होते. अन् तुहे उपकार मानत होत्या का देवघरात तू त्यांले दिवसभर बसू दिलं अन् स्वतः दिवा धरून उभा राहिला.

मंग मी भागीरथाचं विचारलं. त्यांनी फोटो बाजूले ठेवले. म्हणाल्या, पहिल्या दिवशी त्या अन् तुमचे दादा अंगणात दोन खुर्च्यांवर बसले होते. तासाभरानं दादा म्हणाले, "मी सांगाले पायजे होतं. पण भावाचा संसार मोडन असं वाटलं." भागीरथा म्हणाली, "संसार नाही मोडला. तुमचंच नाव मोडलं." वहिनीनं हळदीची वाटी आणली तं भागीरथानं हात जोडले, "आता नाही. सासूबाईच्या हातून पायजे होती." चिमणाईले मात्र तिनं मांडीवर घेतलं. खूप वेळ घेऊन बसली.

रात्री तुहा फोन आला. सव्वीस वर्षांनी तुहा आवाज ऐकला. मी काही म्हणायच्या आधीच तू म्हणाला, "ती होळीपर्यंत इथंच राहतो म्हणते. तुह्या वहिनीचं अन् तिचं बरं जमलं. तू घाई करून येऊ नको. इतकी वर्षं मी वाईट होतो, आता काही दिवस तू वाईट राहून पाह."

फोन ठेवला अन् मी रात्रभर त्यावर विचार केला. वाईट राहायचं तं घरात बसून कसं राहायचं? इथं मले कोण पाहून राहिलं? म्हणून सकाळी स्कूटर काढली अन् कोसमडीहले गेलो. फकिरा खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्याची बायको होती, गावचे चार लोक होते, यामिनीबाईचे मजूर होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. दादानं नाही, मीच तुमच्या बहिणीले दाराबाहेर ठेवलं होतं. अडतीस वर्षं दादाचं नाव लावलं.

फकिराचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. तो म्हणाला, "भांटो, मैं हर बछर तुम्हर दादा ला गारी देंव. घर मा, बजार मा, सब जगा." शिव्या मी ऐकल्या होत्या, दादा. त्याच्या ओसरीत बसून, त्याचं जेवण खात, मान हलवत ऐकल्या होत्या. त्यानं मले त्या दिवशी चहा विचारला नाही. परत निघालो तेव्हा मात्र फाटकापाशी येऊन म्हणाला का होळीनंतर तो तुले भेटायले येणार आहे, माफी मागायले. मी म्हणालो, माफी तुही नाही, माही आहे. तो म्हणाला, "तुम्हर ला तुमन जानव." तुमचं तुम्ही जाणा.

तेवढ्यावर मी आलो.

आता एक राहिलं. कार्डाच्या दिवशी मी भागीरथाले सगळं सांगितलं असं तुले लिहिलं होतं. सगळं नव्हतं. तिच्या लक्षात आहे का नाही, मले माहीत नाही, अन् तू दाराच्या ज्या अंगाले होता तिथून तुले ते दिसलं नसन. आईले सांगायचं कायमचं राहून गेलं. म्हणून हे पत्र एकट्यानं वाचू नको. वहिनीले बोलाव, भागीरथाले बोलाव, अन् मोठ्यानं वाच.

त्या दिवशी मी कानात बोललो तेव्हा भागीरथा थांबली नव्हती. तिनं माह्याकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, अन् तरीही उजवा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. ती आत येऊन राहिली होती. आई वाटी घेऊन चार हातांवर, देवाकडं तोंड करून उभी होती. मीच तिचं मनगट धरलं अन् तिले मागं ओढली.

माणिक